हाड, अस्थी की कूळ? ‘सॉनदॉक राणी’ मालिकेतले वारसाहक्काचे शब्द

सांजवात

सध्या आमच्याकडे ‘सॉनदॉक राणी’ ही कोरियन मालिका चालू आहे. २००९ साली एमबीसी वाहिनीवर आलेली, ६२ भागांची. सातव्या शतकातलं शिल्ला राज्य, शेजारी बेकजे आणि गोगुर्यॉ ही दोन वैरी राज्यं, गादीला मुलगा नाही, आणि दरबाराच्या नाड्या मिशिल नावाच्या बाईच्या हातात. मी इंग्रजी सबटायटल वाचते आणि शेजारी बसलेल्या आईला मराठीत सांगत जाते. भाऊबंदकी, कारस्थानं, फितुरी हे सगळं आईला माझ्याआधी कळतं (आयुष्यभर ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्यात). घोडं अडतं ते एका शब्दापाशी.

शिल्लाच्या राजघराण्यात दोन थर होते. वरचा ‘सॉंगगोल’, खालचा ‘जिनगोल’. इंग्रजीत ‘सेक्रेड बोन’ आणि ‘ट्रू बोन’ येतं. गादीवर बसायचं तर सॉंगगोलच हवा. मी पहिल्या दिवशी ‘पवित्र अस्थी’ असं सांगून टाकलं. आई म्हणाली, “कुणाच्या?”

तेव्हापासून विचार करतेय. काय म्हणावं?

तिरकस

‘शुद्ध राजवंशी’ आणि ‘राजवंशी’. झालं काम. हाडं कशाला उकरायची?

बखरवाला

उकरायलाच हवीत, कारण ती मूळ शब्दात आहेत. ‘गोल’ म्हणजे हाड. चिनी लिपीत हा शब्द लिहितात तेव्हा हाडाचंच अक्षर घालतात. ‘वंश’ म्हटलं की डोळ्यापुढे वंशावळीचा कागद येतो, ‘कूळ’ म्हटलं की कुलदैवत आणि कुळाचार. हाड त्याहून आत असतं. लग्नानं, दत्तकविधानानं, मोठ्या पराक्रमानंही ते बदलत नाही. शिल्लातल्या माणसांचा सगळा जाच नेमका हाच होता, आणि मालिकेतली निम्मी पात्रं त्यापायीच एकमेकांच्या जिवावर उठलेली आहेत. ‘राजवंशी’ या शब्दात तो जाच उतरत नाही.

शिवाय हा अर्थ मराठीला परका नाही. आपण ‘हाडाचा शेतकरी’, ‘हाडाची शिक्षिका’ म्हणतो, ‘हाडवैर’ म्हणतो. आमच्या गावाकडे सोयरीक जुळवताना जुनी माणसं ‘आधी हाड बघा’ म्हणायची. आजी तर जमीनजुमला नंतर विचारायची. त्या बोलण्याला जातीचा कडवट वास आहे हे खरं, पण शिल्लातही तो तसाच होता, मग तो पुसायचा कशाला?

‘अस्थी’ला मात्र माझा ठाम विरोध. मराठीत माणसाच्या अस्थी मेल्यावरच होतात. त्या वेचतात, कलशात ठेवतात, नदीत सोडतात. अस्थिरोगतज्ज्ञाची पाटी सोडली तर जिवंत माणसाला हाडं असतात, अस्थी नसतात. त्यातून ‘पवित्र’ लावलंत तर ऐकणाऱ्याला थेट स्तूपातल्या बुद्धांच्या अस्थी आठवणार. तुमच्या आईचा प्रश्न अगदी रास्त आहे.

सांजवात

हे पटलं. पण ‘पवित्र हाड’ म्हटलं तरी तीच अडचण येते, बोलताना विचित्र वाटतं. आणि ‘खरं हाड’ हे खालच्या थराचं नाव! खऱ्यापेक्षा वरचं काय असणार? आई म्हणते, खरं ते खरं, त्याच्यावर पुन्हा सोवळं कशाला?

मुक्काम सोल

मी इथे नोकरीनिमित्त राहतो, कोरियन कामापुरती येते. तुमच्या आईंना जो घोळ वाटला तो इथल्या इतिहासकारांनाही वाटत आलाय.

पूर्वी सरधोपट सांगायचे की आईवडील दोघेही राजघराण्यातले असले तर सॉंगगोल, एकच असला तर जिनगोल. ऐकायला सोपं आहे, पण मालिकेतला किम छुनछु घ्या. त्याचा बाप जिनजी राजाचा मुलगा आणि आई जिनप्यॉंग राजाची मुलगी, म्हणजे सॉनदॉकची बहीण. दोन्हीकडून राजाचं रक्त, आणि तरी तो जिनगोल! तेव्हा ‘अर्धं हाड’, ‘मिश्र हाड’ असले पर्याय कुणी सुचवले तर घेऊ नका. एक स्पष्टीकरण असं की छुनछुचे आजोबा जिनजी हे ५७९ मध्ये गादीवरून काढले गेले, म्हणून ती शाखा खाली ढकलली गेली.

दुसरं स्पष्टीकरण मला जास्त आवडतं, आणि आपल्यालाही ते जवळचं वाटेल. जिनजींना काढल्यावर जो राजा आला, तो सॉनदॉकचा बाप जिनप्यॉंग. त्याचं खासगी नाव होतं ‘बेकजॉंग’. चिनी बौद्ध ग्रंथांत शुद्धोदनाचं नाव ज्या अक्षरांनी लिहितात, तीच अक्षरं. त्याच्या राणीचं नाव माया. भावांची नावं बुद्धांच्या काकांची. सगळं घरच कपिलवस्तूवरून उचललेलं! आम्ही नुसते राजे नव्हे, शाक्यांचं घराणं आहोत असा तो दावा. ‘सॉंग’ या अक्षराचा अर्थ पवित्र, संतपदाला पोचलेला असा आहे, आणि राजघराण्यातल्या एका शाखेनं बाकीच्या भाऊबंदांपासून स्वतःला वेगळं काढण्यासाठी तो वापरला, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे ‘खरं हाड’ हे आधीपासून होतंच, त्याच्या डोक्यावर ‘पवित्र’ नंतर येऊन बसलं.

गंमत पुढे आहे. माया आणि शुद्धोदन झाले, पण सिद्धार्थ काही जन्माला आला नाही. मुलीच झाल्या.

तिरकस

म्हणून मुलगी गादीवर?

मुक्काम सोल

‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात कारण चार अक्षरांत दिलंय: ‘सॉंगगोल नाम जिन’. पवित्र हाडाचे पुरुष संपले. सॉनदॉक ६३२ मध्ये गादीवर आली, तिच्यामागून ६४७ मध्ये चुलत बहीण जिनदॉक आली. जिनदॉक ६५४ मध्ये गेली आणि सॉंगगोल हा प्रकारच संपला. मग किम छुनछु गादीवर बसला, जिनगोलातला पहिला राजा. हाड नुसतं शुद्ध ठेवत ठेवत त्यांनी स्वतःच संपवून टाकलं.

आणि हे सगळं राजवाड्यापुरतं होतं असं समजू नका. हाडांच्या खाली ‘दुपुम’ म्हणजे डोक्याचे दर्जे होते. सहावा सर्वांत वरचा, मग पाचवा, चौथा. सरकारी हुद्दे एकूण १७. त्यातले वरचे पाच फक्त जिनगोलांसाठी, सहाव्या दर्जाचा माणूस कितीही हुशार असला तरी सहाव्या हुद्द्यावर थांबणार. झग्यांचे रंग हुद्द्यांप्रमाणे ठरलेले होते: जांभळा, लाल, निळा, पिवळा. पुढे ८३४ मध्ये निघालेल्या फर्मानात तर खोलीची मापंही ठरवून दिली. जिनगोलाची खोली २४ छॉकपेक्षा मोठी नको, सहाव्या दर्जाची २१, पाचव्याची १८, चौथ्याची आणि सामान्य लोकांची १५. छॉक म्हणजे आपल्या फुटाच्या आसपासचं माप. म्हणजे कुणाच्या घरात पाऊल टाकलं की भिंतीकडे बघूनच हाड कळायचं.

छवे छिवॉन नावाचा मोठा विद्वान या सहाव्या दर्जातला. बाराव्या वर्षी चीनला शिकायला गेला, ८७४ मध्ये तिथली परीक्षा पास झाला, तिथे नोकरी केली, नाव कमावलं. परत येऊन राज्य सुधारायच्या कलमांची यादी त्या वेळच्या राणीपुढे ठेवली. मिळालं काय, तर सहावा हुद्दा. शेवटी सगळं सोडून डोंगरात गेला.

अवांतर: आजही इथे ऑफिसात हे शब्द सर्रास चालतात. कंपनीत थेट भरती होऊन वर चढलेला, योग्य विद्यापीठाचा, साहेबाच्या गोटातला माणूस ‘सॉंगगोल’. बाहेरून आलेला ‘सहावा दर्जा’. हसत बोलतात, पण ज्याला म्हणतात तो हसत नाही.

बखरवाला

फार सुंदर माहिती. यावरून मला वाटतं की जोडी ‘सोवळं हाड’ आणि ‘अस्सल हाड’ अशी करावी. तुमच्या आईंनी ‘सोवळं’ हा शब्द वापरलाच आहे, तो सोडू नका. ‘पवित्र’ हा देवळातला शब्द आहे, ‘सोवळं’मध्ये ‘तू लांब राहा’ हे आपोआप येतं. आणि ‘खरं’ऐवजी ‘अस्सल’ घेतलं तर त्यावर आणखी काही असू शकतं असं वाटायला जागा राहते. नाणं अस्सल असतं, पण देवापुढे ठेवलेलं वेगळं.

तिरकस

‘खासे’ कसं वाटतं? जुन्या कागदांत खाशांचं वेगळं आणि बाकीच्यांचं वेगळं असतंच. खासे आणि अक्करमाशी.

बखरवाला

‘खासे’ एक वेळ चालेल. दुसरा शब्द अजिबात नको. अक्करमासा म्हणजे अकरा मासे, तोळ्याला एक मासा कमी, म्हणून औरस नसलेल्या मुलाला ते नाव पडलं. जिनगोल अनौरस नव्हते, हे वर आलंच आहे. आणि तो शब्द अजूनही लोकांना लागतो, मालिकेच्या गप्पांत सहज फेकण्यासारखा नाही.

तिरकस

मान्य, काढला. पण मग शिल्लाचा सेनापती किम युशिन, त्याचं हाड कुठलं? तो तर परका ना?

मुक्काम सोल

हो, त्याचे पूर्वज गुमग्वान गाया या छोट्या राज्याचे राजे. ते राज्य ५३२ मध्ये शिल्लाला शरण आलं आणि त्या घराण्याला जिनगोलात घेतलं. कागदावर अस्सल हाड, पण दरबारात जुनी घराणी नाक मुरडायची. युशिनची धाकटी बहीण छुनछुला दिलेली. दोघेही हाडाच्या कारणानं थोडे बाहेरचे, दोघांनी एकमेकांना धरलं आणि राज्य ताब्यात घेतलं. मालिकेत हे जरा घाईत उरकलंय, पण प्रत्यक्षात शिल्लाच्या पुढच्या साऱ्या लढायांचं मूळ या सोयरिकीत आहे.

लढायांवरून एक प्रसंग सांगतो. ६४२ मध्ये बेकजेनं देया हा सरहद्दीवरचा किल्ला घेतला. किल्लेदार छुनछुचा जावई होता. जावई आणि मुलगी दोघंही मेले. ‘सामगुक सागी’ या जुन्या इतिहासग्रंथात लिहिलंय की बातमी आल्यावर छुनछु खांबाला टेकून दिवसभर उभा राहिला, डोळ्याची पापणी लवली नाही, समोरून माणसं गेली तरी त्याला कळलं नाही. नंतर म्हणाला, मर्द माणसाला बेकजे गिळता येऊ नये? मग आधी गोगुर्यॉकडे मदत मागायला गेला, तिथे अडकवून ठेवला गेला. पुढे ६४८ मध्ये चीनच्या थांग दरबारात गेला आणि युती करून आला. ६६० मध्ये बेकजे पडलं, ६६८ मध्ये गोगुर्यॉ. आणि थांगची फौज काही परत जाईना, म्हणून ६७६ पर्यंत मित्राशीच लढावं लागलं.

सांजवात

हे वाचून दाखवलं, आई बराच वेळ खांबापाशीच होती. “राजकारण कसलं, लेकीचा सूड होता तो,” म्हणाली.

आता दुसरी अडचण. सबटायटलमध्ये राजाची बायकोही ‘क्वीन’ आणि गादीवर बसलेली सॉनदॉकही ‘क्वीन’. मराठीत दोघी राणी. दॉकमान (सॉनदॉकचं मूळ नाव) राणी होणार म्हटल्यावर आईनं विचारलं, “कुणाशी लग्न ठरलं?”

बखरवाला

तुमच्या आईंना इथे लिहायला बसवा हो.

कोरियनमध्ये काय आहे?

मुक्काम सोल

राजाची बायको ‘वांगबी’. गादीवरची ‘यॉवांग’, म्हणजे स्त्री-राजा. पण जुन्या ग्रंथांत तेही नाही. ‘सामगुक सागी’त ती ‘सॉनदॉक वांग’ आहे, सरळ राजा. ‘यॉ’ नंतरच्या लोकांनी जोडलं.

तिरकस

मग ‘राजा सॉनदॉक’ म्हणा. रझियाही ‘सुलतान’च होती, आपण अजूनही ‘रझिया सुलतान’च म्हणतो. ‘सम्राज्ञी’ नको, तिथे साम्राज्य नव्हतं. ‘महाराणी’ म्हटलं तर नुसती मोठी राणी होते.

सांजवात

‘राजा सॉनदॉक आली’ असं बोलताना जीभ अडखळते. मी आता राजाच्या बायकोला ‘राणीसाहेब’ म्हणते आणि हिला ‘गादीवरची राणी’. लांब आहे, पण लग्नाचा प्रश्न येत नाही.

मुक्काम सोल

‘गादीवरची राणी’ छान आहे. कारण भांडण त्या गादीचंच होतं. ६४३ मध्ये शिल्लाचा वकील थांगच्या बादशहाकडे मदत मागायला गेला, तेव्हा बादशहानं सुनावलं की तुमच्याकडे बाई राज्य करते म्हणून शेजारी तुम्हाला मोजत नाहीत, आमच्या घरातला एक पुरुष देतो, त्याला राजा करा. चार वर्षांनी बिदाम या बड्या सरदारानं राणीविरुद्ध तलवार उपसली तीही याच मुद्द्यावर: बाईला राज्य नीट करता येत नाही.

तिरकस

ह्वारांगांचं, म्हणजे शिल्लाच्या त्या तरुण लढवय्यांच्या पथकांचं काय केलंत? ‘फुलांचे तरुण’?

सांजवात

ह्वारांग ह्वारांगच ठेवले. ‘फुलांचे तरुण’ म्हटलं की लग्नातले बॅन्डवाले वाटतात.

मिशिलच्या पदाचं मात्र सांगा. तिला सगळे ‘सेजू’ म्हणतात.

बखरवाला

मुक्काम सोल यांनी अर्थ सांगितला तर शब्द मी शोधतो.

मुक्काम सोल

‘से’ म्हणजे राजाची मुद्रा, ‘जू’ म्हणजे धनी, मालक. राजमुद्रा जिच्या ताब्यात आहे ती. एक सांगून ठेवतो, मिशिल जुन्या अधिकृत इतिहासांत नाही. ती ‘ह्वारांग सेगी’ नावाच्या हस्तलिखितात येते, जे १९८९ मध्ये उजेडात आलं आणि ते खरं की बनावट यावर अजून वाद आहे. त्यामुळे मालिकावाल्यांना मोकळं रान मिळालं, आणि मिशिल झालेल्या को ह्यॉनजॉंग या नटीनं त्या वर्षीचं एमबीसीचं सर्वोच्च पारितोषिक याच भूमिकेसाठी नेलं. खलनायिका म्हणून मी इतकी शांत बाई पाहिली नाही. भुवई जराशी उचलते आणि समोरचा संपतो.

बखरवाला

मग ‘शिक्क्याची धनीण’. मराठेशाहीत पद दिलं की शिक्केकट्यार देत, म्हणजे शिक्का कुणाकडे हाच प्रश्न असायचा. ‘मुद्राधिकारी’ म्हणाल तर ती मंत्रालयातल्या तिसऱ्या मजल्यावर बसेल.

सांजवात

‘शिक्क्याची धनीण’ आईला फार आवडलं. आता मिशिल पडद्यावर आली की “आली धनीण” म्हणते.

शेवटचा प्रश्न. बिदामनं केलं ते बंड, उठाव, की फितूर? आम्ही शेवटाजवळ आलोय, मला तयार राहायचंय.

बखरवाला

फितूर म्हणजे शत्रूला आतून मिळणं, ते इथे नाही. उठाव म्हटलं की आपली सहानुभूती उठणाऱ्याकडे जाते. गादीवरून पाहिलं तर बंड. १८५७ ला कोण काय म्हणतो त्यावरून तो कुठे उभा आहे ते कळतं, तसंच हे.

मुक्काम सोल

बिदाम काही दूरचा पुंड नव्हता. तो ‘सांगदेदुंग’ म्हणजे सरदारांच्या सभेचा प्रमुख होता, राज्यातला सर्वांत वरचा अंमलदार. ६४७ मध्ये त्याची फौज म्यॉंगह्वालच्या किल्ल्यात आणि राणीची फौज वॉलसॉंगच्या राजवाड्यात, दहाएक दिवस झुंज चालली, निकाल लागेना. मग एका मध्यरात्री मोठा तारा तुटून वॉलसॉंगवर पडला. बिदामनं शिपायांना सांगितलं, तारा पडतो तिथे रक्त सांडतं, राणी हरणार. त्याच्या गोटात एकच जल्लोष. राजवाड्यात सगळे गर्भगळीत.

किम युशिननं काय केलं पाहा. गवताचा बाहुला करून घेतला, त्यात आग लावली, तो पतंगाला बांधला आणि रात्री आकाशात सोडला. लांबून बघणाऱ्याला वाटावं की तारा परत वर चढला. दुसऱ्या दिवशी माणसं पाठवून रस्त्यांवर वार्ता पसरवली, “काल पडलेला तारा रात्री वर गेला.” शिवाय तारा पडलेल्या जागी पांढरा घोडा बळी दिला. फौजेला धीर आला, बंड मोडलं, बिदाम मारला गेला. त्याच धामधुमीत सॉनदॉकही वारली.

बखरवाला

अहो, याला मराठीत आयता शब्द आहे! कोकणात मोठ्या पतंगाला वावडी म्हणतात. आणि खोट्या बातम्या पसरवण्याला आपण ‘वावड्या उठवणं’ म्हणतो. या गृहस्थानं रात्री वावडी उडवली आणि सकाळी तिचीच वावडी उठवली. सांगताना ‘पतंग’ म्हणू नका, वाया जाईल.

तिरकस

बरं झालं त्या रात्री वारा होता.

सांजवात

‘वावडी’ वहीत लिहून ठेवली. बिदामचं मी ‘बंड’च सांगणार. आईला मात्र तो नट आवडतो, तेव्हा ती ‘उठाव’ म्हणेल आणि ऐकणार नाही.